फूटीत (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये) शेवटची दोन मिनिटं आणि आपण चार पॉइंटनी पुढे, तर सगळ्यांनी मागे जाऊन बचाव करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा मेलबर्नला अंडर-१६ खेळतो, थोडी आघाडी असली की कोच सगळ्यांना मागे बोलावतो आणि तरी शेवटी गोल खातातच. मी खरं तर असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही, पण तुम्ही 'चार पॉइंट' लिहिलंत ना, तिथंच माझं जुनं दुखणं आहे.

आधी सरळ उत्तर. नाही, सगळ्यांनी मागे जायचं नाही. एक माणूस जास्तीचा मागे, फार तर दोन. अठराच्या अठरा आपल्याच गोलसमोर गोळा झाले तर बॉल बाहेर मारणार कुणाकडे? पुढे आपलं कुणी नाही म्हणजे मारलेला प्रत्येक बॉल त्यांच्या हातात आणि परत आपल्याच डोक्यावर, पाच वेळा आला की एकदा कुणीतरी चुकणारच. बचाव म्हणजे गोलसमोर भिंत बांधणं नव्हे, बॉल त्यांना न देणं हा बचाव. पंधरा मीटरचे छोटे छोटे किक, मोकळ्या माणसाला मार्क (किकचा बॉल हवेतच झेलला की तो त्याचा, कुणी हिसकावायचा नाही), तो थांबणार, बघणार, अंपायर ओरडला की पुढचा किक. कंटाळवाणं दिसतं, प्रेक्षक शिव्या घालतात, घालू देत.

आता माझं. मी इस्लामपूरचा, कॉलेज संपेपर्यंत कबड्डी, डावा कोपरा. इकडं आल्यावर बायकोच्या धाकट्या भावानं मला त्याच्या क्लबात नेलं आणि रिझर्व्ह टीममध्ये बॅक पॉकेटला, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूला बचावाला, उभं केलं, तो स्वतः फुल बॅक, गोलसमोर. कबड्डीत आम्हाला एकच शिकवलेलं, शेवटच्या मिनिटाला आघाडी असेल तर समोरचा बोनस घेतोय तर घेऊ दे, हौसेनं पकडीला जाऊन दोन-तीन गडी घालवू नकोस. एक गुण दे आणि मॅच वाचव. फूटीत गोलला सहा पॉइंट, पण बॉल बाजूच्या खांबांतून गेला किंवा बचाववाल्याचा हात लागून गोलमधून गेला तर तो बिहाइंड, एकच पॉइंट. हा बिहाइंड मला पहिल्या दिवशी कळला तो कबड्डीमुळंच.

२०१६ चा सप्टेंबर, सेमी फायनल, आम्ही ४७ ते ४३. टीव्हीवर दिसतं तसं उलटं घड्याळ आमच्या मैदानावर कुठलं, टाइमकीपरनं सायरन वाजवला की संपलं. रनर (कोचचे निरोप आणणारा) पळत आला आणि "दीड मिनिट" एवढं ओरडून गेला. दुपारभर पाऊस झालेला, बॉल साबणासारखा. त्यांनी लांबून उंच टाकला तो थेट गोल स्क्वेअरमध्ये, खाली त्यांचे दोघं आणि मी एकटा, एकाचा गुडघा माझ्या पाठीत, आणि मेहुणा चार पावलं लांब त्याच्या माणसाला धरून. मी पकडायला गेलोच नाही. मूठ आवळली आणि खांद्यापासून जोर लावून ठोसा घातला, बॉल दोन उंच खांबांच्या मधून मागे. गोल अंपायरनं एक बोट दाखवलं, एकच झेंडा हलवला. ४७-४४. आणि बॉल आमचा, किक-इन आमचा, म्हणजे गोलसमोरून परत सुरू करायची किक आमची.

इथं मॅच जिंकलेली होती. मी आजही हे छातीवर हात ठेवून सांगतो.

मेहुण्यानं बॉल उचलला, इकडं तिकडं बघितलं नाही आणि सरळ मैदानाच्या मधोमध लांब हाणला. त्यांच्या सेंटर हाफ फॉरवर्डनं आरामात मार्क घेतला, तिथून पुढे धावत आलेल्या पोराला दिला, त्यानं तीसेक मीटरवर मार्क घेतला आणि सायरन वाजला. मार्क सायरनच्या आधीचा असला की किक मिळतेच. त्यानं मारली, मधोमध गेली. ४७-५०.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीला फराळाची ताटं समोर असताना हाच विषय. "दाजी, तुम्ही पॉइंट दिलात म्हणून हरलो." आणि वर लिओ बॅरीचं नाव. २००५ ची एएफएलची, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगची, ग्रँड फायनल, सिडनी ५८, वेस्ट कोस्ट ५४, म्हणजे तंतोतंत चारच पॉइंट. शेवटच्या काही सेकंदांत डीन कॉक्सनं लांब किक टाकली, खाली माणसांचा ढीग, आणि लिओ बॅरी बाजूनं उडी मारून त्या ढिगाच्या वर गेला आणि बॉल धरला. सिडनीला १९३३ नंतर, म्हणजे क्लब साउथ मेलबर्न होता तेव्हापासून, पहिल्यांदा कप मिळाला. मेहुण्याचं म्हणणं, बॅरीनं धरला, तुम्ही का ठोसला?

अहो, बॅरी धावत आला होता, हवेत मोकळा होता! मी जागेवर उभा, पाठीत गुडघा, वरून येणारा ओला बॉल. असा बॉल धरायला गेलं आणि तो निसटून पायाशी पडला की उचलायला त्यांचा छोटा चपळ गडी टपलेलाच असतो, सहा पॉइंट. बॅरीचा मार्क सगळ्यांना आठवतो, धरायला जाऊन सोडलेले किती तरी कुणाला आठवत नाहीत. तुमच्या मुलाला सांगा, मागून किंवा उभ्या उभ्या जायचं असेल तर मूठ, आणि शक्यतो बाउंड्रीकडे. माझ्यामागं खांबच होते म्हणून खांबांत.

आणि पॉइंट देणं म्हणजे भेकडपणा, हे तर मला अजिबात मान्य नाही. २००८ मध्ये रिचमंडचा जोएल बोडेन एसेंडनविरुद्ध सहा पॉइंटनी पुढे असताना किक-इनचा बॉल घेऊन स्वतःच मागे रेषेपलीकडे गेला, दोनदा, सेकंद खाल्ले आणि चार पॉइंटनी मॅच घेतली. त्याच वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्ननं जिलाँगला असे अकरा पॉइंट देऊन टाकले आणि कप नेला. ते बघून २००९ पासून नियम आला, अंगावर कुणी नसताना मुद्दाम पॉइंट दिला तर समोरच्याला गोलच्या तोंडावर फ्री किक. म्हणून मुलानं बोडेनची नक्कल करायची नाही. झटापटीत ठोसा घालून मागे गेला तर चालतं, माझा तसाच होता.

आघाडीचं गणित मात्र डोक्यात पाहिजे, हे आधीच लिहायला हवं होतं. चारची तीन झाली तर काही बिघडत नाही, गोल खाल्ला तर दोन्हीकडे हरणारच. पण आघाडी एकची असेल तर पॉइंट दिला की बरोबरी. सातची असेल तर सहा होते आणि एका गोलात बरोबरी. सहाची पाच झाली तर गोल खाल्ल्यावर हरलोच. अशा वेळी बाउंड्रीच बघायची, आणि तीही झटापटीतून, मोकळा असताना मुद्दाम बाहेर घातला तर तिथंही फ्री किक.

आणि मार्क घेतलेल्याच्या समोरून पळायचं नाही. १९८७ ची प्रिलिमिनरी फायनल (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच), मेलबर्न पुढे, हॉथॉर्नच्या गॅरी बकनारानं लांबून फ्री किक मारायची होती, जिम स्टाइन्स मधून पळाला आणि पंधरा मीटरचा दंड लागला. बकनारानं सायरननंतर गोल मारला, मेलबर्न दोन पॉइंटनी हरलं. आता तोच दंड पन्नास मीटरचा आहे.

कोचला एवढंच विचारा की किक-इनची प्रॅक्टिस घेता का. आमच्याकडे कधीच घेतली नव्हती, त्यामुळं सगळा दोष मेहुण्याचा आहे असंही मी म्हणत नाही. पण त्या दिवशी उजव्या पॉकेटमध्ये आमचा विंगर हात वर करून उभा होता, वीस मीटरवर, आसपास चिटपाखरू नाही. मी ओरडलो होतो, "उजवीकडं, उजवीकडं!" मराठीत ओरडलो होतो.