“काही झालं नाही, राहू दे” : विमानतळावरच्या सुरक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ग्राउंड हँडलिंगमध्ये कामाला आहे. भर पावसात बेल्ट लोडर (सामान चढवण्या-उतरवण्याची पट्ट्याची गाडी) लावताना त्याचा कोपरा विमानाला कार्गो दाराखाली घासला. हाताने पुसून पाहिले तर रंगावर जेमतेम एक रेघ. सुपरवायझर म्हणाला, “काही झालं नाही, राहू दे, उशीर होतोय.” अशा वेळी कळवायलाच हवे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : कळवायलाच हवे, आणि तेही विमान जागेवरून हलायच्या आत. लोडर आहे तिथेच थांबवा. घाईने मागे ओढला तर ओरखडा वाढतो आणि नेमके कुठे लागले हेही सांगता येत नाही. एक माणूस तिथे उभा ठेवा, इंजिनिअरला बोलवा, कॅप्टनच्या कानावर घाला. तुमचे काम एवढेच. इंजिनिअर खोकेची खोली मोजतो, ती रिव्हेटच्या रांगेपासून आणि आतल्या फ्रेमपासून किती लांब आहे ते पाहतो आणि त्या विमानाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघतो. ‘नुसती रेघ आहे’ हा निर्णय सुपरवायझरच्या अखत्यारीतला नाही.

कारण साधे आहे. विमान उंचीवर गेले की आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ८ पीएसआयने जास्त असतो, म्हणजे पत्र्याच्या दर चौरस मीटरला सुमारे साडेपाच टन. प्रत्येक उड्डाणात हा ताण चढतो आणि उतरतो. पत्रा मात्र मोजक्याच मिलिमीटरचा. २६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत सिएटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाला २६,००० फुटांच्या आसपास सुमारे १२ इंच बाय ६ इंचांचे भोक पडले आणि केबिनमधला दाब गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणले. रॅम्पवरच्या (विमाने उभी राहतात त्या जागेवरच्या) कामगाराचे वाहन विमानाला घासले होते आणि त्याने ते कोणालाच सांगितले नव्हते, असे चौकशीत निघाले. तुमच्या प्रश्नातली रेघ आणि ही रेघ जमिनीवरून सारखीच दिसली असती.

बोईंग ७८७ किंवा एअरबस ए३५० असेल तर आणखी सावध राहा. त्यांचे वजनाने निम्मे शरीर कार्बन कंपोझिटचे, म्हणजे कार्बन तंतूंचे थर चिकटवून केलेले असते. अॅल्युमिनियमला खोक पडते, कंपोझिट मात्र दणका बसूनही वरून जवळजवळ जसेच्या तसे दिसू शकते आणि आतले थर सुटलेले असतात. तिथे ‘पुसून पाहिले, काही नाही’ याला शून्य किंमत.

लोडर लागतो कसा, हेही पाहा. सामान उतरले की विमान थोडे वर उचलले जाते, चढले की खाली बसते. दाराच्या उंबऱ्याला टेकवून लावलेला लोडर मग आपोआप रुततो. म्हणून रबरी बंपर असला तरी फट ठेवायचीच. आखलेल्या सुरक्षा-रेषेबाहेर एकदा पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा, मग चालण्याच्या वेगाने आणि समोर खुणा करणारा माणूस असेल तरच आत यायचे. पावसाळ्यात ब्रेकच्या पेडलवर ओला बूट सरकतो, रेनकोटच्या टोपीने बाजूचे दिसत नाही आणि खुणा करणाऱ्याला नेमके तेव्हाच दुसऱ्या विमानाकडे पाठवलेले असते. रिपोर्टमध्ये हेच लिहा : वेळ, स्टँड क्रमांक, विमानाचा नोंदणी क्रमांक, लोडरचा क्रमांक, पाऊस, उजेड, किती माणसे हवी होती आणि किती होती, शिफ्टचा कितवा तास. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द टाळा. तो शब्द आला की चौकशी तिथेच संपते.

प्रश्न : चूक कबूल केली तर नोकरीवर गदा येते. मग कोण कशाला सांगेल? ‘जस्ट कल्चर’, म्हणजे प्रामाणिक चुकीला शिक्षा न करण्याची पद्धत, हे नुसते पोस्टरवरच असते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पुष्कळ ठिकाणी पोस्टरवरच असते, हे खरे. पण त्याचा अर्थ ‘सगळे माफ’ असाही नाही. दारू पिऊन कामावर येणे, खोटी नोंद करणे, केलेले लपवणे याला संरक्षण नाही आणि नसावे. अनवधानाने झालेली चूक वेगळी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी एक सोपी कसोटी लोकप्रिय केली : त्याच अनुभवाचा, तेवढाच प्रशिक्षित दुसरा माणूस त्या जागी, त्या पावसात, तेवढ्याच माणसांत उभा केला तर तोही असाच चुकला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर माणूस बदलून काही हाती लागत नाही, कामाची पद्धत बदलावी लागते.

अमेरिकेत नासा ही संस्था १९७६ पासून असे रिपोर्ट स्वीकारते आणि लिहिणाऱ्याची ओळख पुसून टाकते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, त्यातून अपघात झाला नसेल आणि १० दिवसांत कळवली असेल, तर तिथले नियामक खाते सहसा दंड करत नाही. मुद्दाम नियामकाबाहेरची संस्था निवडली, यातच त्याची खुबी आहे. आपल्याकडेही स्वेच्छेने कळवण्याची सोय आहे. पण तुमच्या कंपनीत ती खरी आहे की नाही, हे ओळखायचे तर मागच्या एखाद्या रिपोर्टचे पुढे काय झाले ते विचारा. लिहिणाऱ्याला उत्तर मिळाले नसेल तर रिपोर्टची पेटी लवकरच रिकामी राहू लागते, आणि वरिष्ठ तेवढ्यावरच ‘आमच्याकडे सगळे सुरळीत’ असे समजतात.

प्रश्न : रिस्क मॅट्रिक्समधले (जोखीम मोजण्याच्या तक्त्यातले) ४बी, २बी हे काय प्रकरण आहे? उदाहरण द्याल का?
— एक विद्यार्थिनी, फर्मागुडी

उत्तर : आकडा शक्यतेचा : ५ म्हणजे वारंवार, १ म्हणजे जवळजवळ अशक्य. अक्षर परिणामाचे : ए म्हणजे सर्वनाश, ई म्हणजे नगण्य. आता एखाद्या सड्यावरची धावपट्टी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पावसाने गवत वाढते, किडे-बेडूक येतात, त्यांच्यामागे टिटव्या आणि बगळे. विद्यार्थी इथेच चुकतात आणि धोका म्हणून ‘पक्षी धडकणे’ लिहितात. तो परिणाम झाला. धोका आहे गवत, साचलेले पाणी आणि त्यावर येणारे पक्षी, कारण हात घालायचा तो तिथे. उड्डाणाच्या वेळी इंजिनात पक्षी जाण्याची शक्यता ४ आणि परिणाम बी धरला तर ४बी हा चौकोन लाल, म्हणजे ही जोखीम स्वीकारता न येणारी. गवत ठरावीक उंचीला राखणे, गटारे उपसणे, उड्डाणाआधी गस्त घालणे यांनी ती २बीवर आणता येते. अक्षर बदलले नाही, हे लक्षात आले का? गस्त घातल्याने इंजिन मजबूत होत नाही. एकाच उपायाने आकडा आणि अक्षर दोन्ही उतरवलेले तक्ते आले की आम्ही ते परत पाठवतो.

कुंपणाबाहेरचेही पाहायला हवे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात कचरा टाकणे आणि उघड्यावर जनावरे कापणे यांना मनाई करतो. मासळीचे टाकाऊ आतडे जिथे पडते तिथे घारी येणारच.

प्रश्न : जुलैत आमचे विमान धावपट्टीला टेकणार तेवढ्यात पुन्हा वर गेले. वैमानिक नवखा होता का?
— एक प्रवासी, म्हापसा

उत्तर : उलट, असा वैमानिक मिळाला म्हणून निश्चिंत राहा. ढगात असताना १,००० फुटांवर आणि धावपट्टी स्वच्छ दिसत असताना ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल, तर पुन्हा वर जायचे, हा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. खाली जोराचा वारा बदलला किंवा धावपट्टी दिसेनाशी झाली तरीही तेच. पाण्याचाही हिशेब असतो, धावपट्टीच्या पकडीला गुण देतात : कोरड्या धावपट्टीला ६, नुसत्या ओल्या धावपट्टीला ५, पण ३ मिलिमीटरहून जास्त पाणी साचले की थेट २, आणि हे धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागासाठी वेगळे सांगतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले. पाठीमागून वारा होता, पाऊस होता आणि अस्थिर उतरण सोडून दिली गेली नाही. २१ जण गेले.

प्रश्न : दाबोळीला नौदल आणि प्राधिकरण दोघेही आहेत. मग सुरक्षेला जबाबदार कोण?
— एक वाचक, वास्को

उत्तर : दाबोळीची धावपट्टी आणि हवाई नियंत्रण नौदलाच्या आयएनएस हंसाकडे, टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळावर, मोपाला, विमानतळ जीएमआर या खाजगी कंपनीकडे आणि हवाई नियंत्रण प्राधिकरणाकडे. शिवाय विमान कंपन्या आणि हँडलिंगवाले वेगळे. गोंधळ बहुधा या सांध्यांवर होतो : धावपट्टीवर कुत्रा शिरला तर पहिला फोन कोणी कोणाला करायचा, हे आधी लेखी ठरलेले हवे. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या २०१३ पासून लागू असलेल्या १९व्या परिशिष्टानुसार सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक ‘अकाउंटेबल एक्झिक्युटिव्ह’ नेमावा लागतो, म्हणजे पैसा आणि माणसे यांवर अखेरचा शब्द ज्याचा तो. सेफ्टी मॅनेजर सल्ला देतो आणि आकडे मांडतो. गटार उपसायचा खर्च मंजूर करणारी सही त्याची नसते.