वाचकांचे प्रश्न : झेब्रा फिंचचे जादा गुणसूत्र

प्रश्न : झेब्रा फिंचच्या रक्तात नसलेले एक गुणसूत्र त्याच पक्ष्याच्या वृषणात असते, असे वाचले. हे कसे शक्य आहे? (सांगली)

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. झेब्रा फिंच या छोट्या गायक पक्ष्याच्या कायिक, म्हणजे शरीराच्या साध्या, पेशीत 80 गुणसूत्रे असतात. जननपेशींत त्यांच्या जोडीला आणखी एक असते आणि आकाराने ते बाकी सगळ्यांपेक्षा मोठे भरते. 1998 मध्ये अर्जेंटिनातील पिगोत्सी आणि सोलारी यांनी ते प्रथम दाखवले. शास्त्रज्ञ त्याला जीआरसी (जर्मलाइन-रिस्ट्रिक्टेड क्रोमोसोम, म्हणजे जननपेशींपुरते मर्यादित गुणसूत्र) म्हणतात. भ्रूण वाढू लागला की कायिक पेशी ते टाकून देतात, ते राहते फक्त पुढच्या पिढीसाठी राखलेल्या पेशींत. त्यामुळे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेब्रा फिंचच्या जीनोममध्ये एवढे मोठे गुणसूत्र आलेच नाही. रशियातील नोवोसिबिर्स्कच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार तोवर तपासलेल्या सर्व 16 गायक पक्ष्यांत ते होते, इतर गणांतल्या 8 पक्ष्यांत नव्हते.

प्रश्न : मग ते पिल्लाला आईकडून मिळते की बापाकडून? (नाशिक)

उत्तर : जवळजवळ नेहमी आईकडून. नराच्या जननपेशीत त्याची एकच प्रत असते. तिला जोडीदार नसल्याने अर्धगुणसूत्री विभाजनात (शुक्रपेशी-अंडपेशी घडवणाऱ्या विभाजनात) ती मागे रेंगाळते, केंद्रकाबाहेर छोट्या गोळीसारखी पडते आणि नष्ट होते. शुक्रपेशीत सहसा ती नसते. मादीत मात्र बहुधा दोन प्रती असतात. त्या एकमेकींशी जोडी जमवतात, वेगळ्या होतात आणि प्रत्येक अंडपेशीला एक मिळते. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे झेड आणि डब्ल्यू; नरात दोन झेड, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. डब्ल्यू गुणसूत्र आईकडून फक्त मुलींकडे जाते, हे मात्र मुलगे-मुली दोघांकडे.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मादीच्या दोन्ही प्रती तिच्या आईकडून आलेल्या एकाच प्रतीपासून झालेल्या असतात. म्हणून त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झाली तरी नवे काही हाती लागत नाही. वारसा असा निव्वळ मातृवंशी असता, तर प्रत्येक मायटोकाँड्रियल वंशाचे (फक्त आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून ओळखलेल्या मातृवंशाचे) जीआरसीही हळूहळू वेगळे होत गेले असते. प्रत्यक्षात निरनिराळ्या वंशांत ते फारच सारखे दिसते. 2022 मध्ये जर्मनीतील झेवीजनच्या गटाने याचे कारण दाखवले : क्वचित ते बापाकडूनही येते. काही नरांत ते बाहेर टाकण्याचे काम पुरेसे चोख होत नाही.

प्रश्न : लिंग ओळखायला पिसे डीएनए चाचणीला पाठवतो. त्यात हे दिसेल का? आणि रंग यावर अवलंबून असतात का? (पुणे)

उत्तर : दोन्हींना नाही. पीस, रक्त, अंड्याचे कवच यांतून ती चाचणी झेड आणि डब्ल्यू पाहते. रंगांची जनुके नेहमीच्या गुणसूत्रांवर असतात. फॉन हा रंग झेडवरचा आणि अप्रभावी आहे. फॉन नर आणि ग्रे मादी लावली, तर सगळ्या माद्या फॉन आणि सगळे नर ग्रे, पण फॉनचे वाहक. जोडी उलटी लावली तर माद्या ग्रे आणि नर पुन्हा वाहक. जोडी लावताना हेच धरून चालावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे गुणसूत्र पाहता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : येईल, पण त्यासाठी पक्ष्याचा बळी जातो. म्हणून संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. वृषणाचे तुकडे 30 मिलिमोलर ट्रिस, 50 सुक्रोज, 17 सायट्रेट आणि 5 ईडीटीए, पीएच 8.2 अशा द्रावणात 30 ते 60 मिनिटे ठेवतात. मग 100 मिलिमोलर सुक्रोजमध्ये पेशी मोकळ्या करून 1 टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड आणि 0.15 टक्के ट्रायटॉन लावलेल्या काचपट्टीवर पसरतात आणि दमट डब्यात सावकाश वाळवतात. द्रावणात फार वेळ ठेवले की केंद्रके फुटून शेजारच्या पेशींची गुणसूत्रे मिसळतात; लवकर काढले तर गुंता सुटत नाही. विणीबाहेरच्या पक्ष्याचे वृषण आकसलेले असते, त्यात विभाजनाच्या पेशीच नसतात.

एसवायसीपी3 (विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या कण्यात असणारे प्रथिन) आणि सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा विभाजनात ओढला जाणारा भाग) यांना चिकटणारी रंगीत प्रतिपिंडे लावल्यावर 40 जोड्या ठळक दिसतात. नरात जीआरसी एकटे आणि फिकट दिसते, पण सेंट्रोमिअरचा रंग त्याच्यावर सर्वभर पसरलेला असतो. ओळख पटते ती यावरून. मादीत 41 वी जोडी दिसते, पण त्यासाठी अंड्यातून बाहेर पडून थोडेच दिवस झालेल्या पिल्लाचे अंडाशय लागते. प्रौढ मादीत तो टप्पा कधीच उलटलेला असतो.

बेंगालीज फिंच या पाळीव पक्ष्यातही जीआरसी आहे आणि ती पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून माणसाळवलेली जात आहे. तरीही रानातली मनोली यासाठी पकडू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार तो गुन्हा ठरतो.