पडद्यामागच्या कारागिरांवर पहिला माहितीपट करताना

सुरुवातीला एकच कारागीर निवडा. सिनेमाचा अख्खा इतिहास पहिल्या कामात झेपत नाही. निगेटिव्ह (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म) कापून जोडणारा एक माणूस झेपतो, आणि तोच फार मोलाचा आहे.

त्यांना नुसतं खुर्चीत बसवून बोलतं करू नका. स्प्लायसर (फिल्म कापून जोडायचं साधन) आणि ३५ मिमी फिल्मचे टाकाऊ तुकडे हातात द्या. ‘तेव्हा काम कसं चालायचं?’ या प्रश्नाला गोलगोल उत्तर येतं. ‘हा जोड लावून दाखवता का?’ म्हटलं की बोटं चालू लागतात आणि बोलणंही नेमकं होतं: इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) किती खरवडायचं, सिमेंट (फिल्म जोडायचा चिकट द्रव) किती लावायचं, दाबून किती वेळ धरायचं. अशा जोडात कडेची फ्रेम खर्ची पडते, म्हणून निगेटिव्हवर चुकलेला काप निस्तरता येत नाही. ही धास्ती चित्रपटात दिसलीच पाहिजे.

हात हलले की कॉलर माइक कपड्याला घासतो. दुसरा माइक टेबलाजवळ ठेवा. हातांचे क्लोजअप त्याच प्रकाशात, त्याच दिवशी घ्या. खोलीची शांतता ३० सेकंद वेगळी रेकॉर्ड करा, नाहीतर संकलनात प्रत्येक काप कानाला खटकतो.

सालं मात्र आठवणीवर सोडू नका. जुन्या श्रेयनामावलीत अनेक सहायकांची नावं नसतात. कॉल शीट (त्या दिवशी सेटवर कोणी, कधी यायचं याचा कागद), पगाराच्या वह्या, सेटवरचे फोटो धुंडाळा.

जुन्या चित्रपटांतली दृश्यं वापरणार असाल तर हक्क कोणाकडे आहेत ते संकलनाआधी विचारा. चित्र आणि संगीत यांचे मालक अनेकदा वेगळे निघतात.