आपल्या कळसाला जी पट्टी, तीच त्यांच्या मनोऱ्याला

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. टेक्सासमधल्या तुमच्या फेअरव्ह्यू गावात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं टेंपल होणार, त्याविरुद्धच्या अर्जावर तू सही केलीस, आणि तेव्हापासून ऑफिसातली तुझी मॉर्मन मैत्रीण जेवायच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसते. "मावशी, मी चुकलो का?" असं विचारतोस.

सही केलीस हे चुकलं नाही. सहीखाली जे लिहिलंस ते चुकलं. "बाहेरच्यांना आतसुद्धा घेत नाहीत, असलं टेंपल आपल्या वस्तीत हवंय कशाला?" अरे, त्यांची रविवारची प्रार्थना साध्या सभागृहात होते, तिथे कोणीही जावं. टेंपल वेगळं. तिथले विधी चर्चचा परवाना असलेल्या सभासदांपुरतेच. आपल्याकडे गाभाऱ्यात सरसकट सगळ्यांना सोडतात का? मग त्यांच्या सोवळ्यात तू कशाला शिरलास?

तुझं म्हणणं मांडायला नुसते आकडे पुरले असते. घरांसाठी राखलेल्या भागात ३५ फुटांची मर्यादा, आणि चर्चने मागितला १७४ फुटी मनोरा. जवळजवळ पाचपट! ऑगस्ट २०२४ मध्ये टाउन कौन्सिलने एकमताने नाही म्हटलं, ते मला पटलं होतं. पुढे कोर्टकचेरीची टांगती तलवार आली, मध्यस्थी झाली, मनोरा १२० फुटांवर आला, इमारतही लहान झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी मंजुरी मिळाली. तुला ती हार वाटते. मला वाटत नाही.

कारण त्याच गावाने २००६ साली मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला १५४ फुटी घंटाघराची परवानगी दिली होती. ते बांधलं गेलं नाही, पण परवानगी कागदावर राहिली आणि मॉर्मनांनी नेमकं तिच्यावर बोट ठेवलं. माझं सगळं म्हणणं इथेच येतं. पट्टी एकच हवी. मेथडिस्टांना एक, मॉर्मनांना दुसरी आणि आपल्याला तिसरी, असं चालायचं नाही. कोर्टात तर नाहीच. २००० सालचा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा धार्मिक जमीनवापराचा कायदा हेच सांगतो. कॅलिफोर्नियातल्या सटर काउंटीने गुरुद्वाऱ्याला परवानगी नाकारली, तेव्हा शीख मंडळी याच कायद्यावर जिंकली. उद्या आपल्याला लागला तर हाच कायदा लागेल, बाळा.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या जुन्या गावात मशिदीची सुनावणी होती. बोलायला तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. कार्डावर लिहून नेलेलं मी वाचलं, "ही शांत वस्ती आहे. शुक्रवारी गाड्या आमच्या दारांपुढे उभ्या राहतील." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत लोकरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. माझं प्रत्येक वाक्य ते पेन्सिलीने उतरवून घेत होते.

चार वर्षांनी आमच्या देवळाची सुनावणी झाली. एक शेजारीण उभी राहिली. "ही शांत वस्ती आहे. सणावारी गाड्या आमच्या दारांपुढे..." माझेच शब्द! शिखराच्या नकाशाची गुंडाळी माझ्या मांडीवर होती. ती मी इतकी आवळली की कागद मोडला. शिखर बारा फुटांनी छाटलं गेलं. छाटलेला कळस मी तेवीस वर्षं बघत आले आहे.

आणि तरी सांगते, मशिदीच्या वेळी मी खोटं बोलले नव्हते. गल्ली अरुंदच होती. दोन लहान मुली होत्या माझ्या, त्या तिथे सायकल चालवायच्या. कुठल्याही आईने विचारलं असतं तेच मी विचारलं. पण मी गाड्या मोजल्या नव्हत्या. गल्लीतल्या चर्चपुढे रविवारी किती उभ्या राहतात तेही मोजलं नव्हतं. इंजिनिअर होते मी, मोजणं हाच माझा धंदा. एक फेरी मारून मोजायला काय झालं होतं मला?

म्हणून तुझ्यावर चिडते. उंची, रात्रीचे दिवे, रहदारी यांवर खुशाल भांड, गप्प बसू नकोस. शेजाऱ्यांशी वाईटपणा नको म्हणून गप्प बसणारी आपली माणसं मला आवडत नाहीत. पण पट्टी आधी आपल्या कळसाला लावून बघ आणि मगच त्यांच्या मनोऱ्याला लाव. त्यांचा देव, त्यांचे विधी तुझ्या अर्जात नकोत.

मैत्रिणीकडे उद्याच जा. स्वतःचा डबा घेऊन तिच्या टेबलावर बस. उंचीबद्दल माझं मत तेच आहे, पण ते वाक्य लिहायला नको होतं, असं सरळ सांग. "तुला वाईट वाटलं असेल तर" असलं काही लावू नकोस.

आणि रविवारी देवळात गेलास की कमिटीकडून शिखराची उंची विचारून घे. नकाशा त्यांच्या ऑफिसात असतो. तुमच्या भागातली मर्यादा किती आणि आपल्याला सूट किती मिळाली, दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
मावशी