ओसाकाला पहिल्यांदा जाताय?

चार दिवसांत ओसाका, क्योतो, नारा आणि हिरोशिमा? निम्मी यादी कापा. नवखे इथेच फसतात. जेआर पासच्या (जपान रेल्वेचा पर्यटक पास) भानगडीत तूर्त पडू नका, नुसत्या ओसाकासाठी तो लागत नाही. इकोका कार्ड (रेल्वे-मेट्रोचं रिचार्ज कार्ड) आणि थोडे रोख येन पुरेत.

मुक्काम नाम्बा किंवा उमेदाजवळ. मिदोसुजी मेट्रो दोन्हीकडे जाते.

आता खाणं. दोतोंबोरीला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, संध्याकाळी, रिकाम्या पोटी जा. ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले गोळे) वरून निवलेली वाटली तरी आत रटरटत असते. आधी काडीनं फोडा. शिनसेकाई भागात कुशीकात्सु (काडीला लावून तळलेले तुकडे) खाताना सॉस सामायिक असेल, तर त्यात एकदाच बुडवायचं. उष्ट्याचा नियम आपल्याला काय शिकवायचा म्हणा!

शाकाहारी असाल तर जपून: निव्वळ भाजीच्या वाटणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाची दाशी (उकळून काढलेला अर्क) असते. विचारूनच मागवा.