सर्व्हर आणि क्लायंट : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : सर्व्हरला ‘सेवक’ आणि क्लायंटला ‘ग्राहक’ म्हणावे का? की सर्व्हर म्हणजे मोठा संगणक, म्हणून ‘मुख्य संगणक’ हेच सरळ?

‘मुख्य संगणक’ आधी बाजूला ठेवू या, कारण तो शब्द समज चुकवतो. रॅकमध्ये बसवलेल्या दणकट यंत्रालाही बोलताना सर्व्हर म्हणतात हे खरे, पण मुळात ते एका भूमिकेचे नाव आहे. सर्व्हर म्हणजे ठरावीक पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर, कान लावून बसलेला प्रोग्रॅम. वेबसाठी हा पोर्ट ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, ईमेल पोचवण्यासाठी २५. तो आपणहून कुणाला हाक मारत नाही. पहिला शब्द क्लायंटचा, म्हणजे सेवा मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, असतो : त्याला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट माहीत असावा लागतो. उत्तर परत यावे म्हणून क्लायंटच्या बाजूलाही त्या संवादापुरता एक तात्पुरता पोर्ट उघडला जातो. दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट मिळून जी जोडी होते, तिच्यावरून प्रत्येक जोडणी वेगळी ओळखू येते. म्हणून एकाच ४४३ वर हजारो जण एकाच वेळी बोलत असले तरी कुणाचे उत्तर कुणाला जात नाही. यात यंत्र लहान की मोठे याचा संबंध कुठेच आला नाही.

शिवाय भूमिका बदलत राहते. तुमचे पत्र स्वीकारताना मेल सर्व्हर हा सर्व्हर असतो. तेच पत्र पुढे धाडताना तो दुसऱ्या मेल सर्व्हरचा दरवाजा ठोठावतो, म्हणजे क्लायंट होतो. संकेतस्थळाचा सर्व्हर माहिती काढायला डेटाबेसकडे जातो, तेव्हाही तेच. दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रावरही असू शकतात : १२७.०.०.१ या पत्त्यावर संगणक स्वतःशीच बोलतो. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या, पडद्यावर प्रोग्रॅमच्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीत तर नवख्यांची हमखास गल्लत होते. तिथे सर्व्हर आपल्या समोरच्या यंत्रावर असतो, कारण पडदा, कळफलक आणि माउस वापरू देण्याची सेवा तो पुरवतो. दूरच्या बलाढ्य यंत्रावर चाललेला प्रोग्रॅम हा त्याचा क्लायंट. ‘मुख्य संगणक’ हा शब्द इथे पार उलटा पडतो.

शब्दाचा इतिहासही भूमिकेच्याच बाजूने आहे. रांगांच्या गणितात ‘सर्व्हर’ म्हणजे रांगेतल्या माणसाचे काम करून देणारा. गणितज्ञ डेव्हिड केंडल यांच्या १९५३ च्या निबंधात तो याच अर्थाने येतो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या १९६९ मधल्या अगदी सुरुवातीच्या टिपणांत ‘सर्व्हर-होस्ट’ आणि ‘यूझर-होस्ट’ अशी जोडी दिसते (होस्ट म्हणजे जाळ्याला जोडलेला संगणक). म्हणजे तेव्हा समोरच्या बाजूला क्लायंट नव्हता, वापरकर्ता होता.

आता ‘सेवक’. मराठीत सेवक म्हटला की धनी आला, आणि धन्याची आज्ञा मोडायची नसते. सर्व्हर मात्र ओळख तपासतो, परवानगी नसेल तर ४०३ हा ठरलेला क्रमांक सांगून परत पाठवतो, मागितलेले पान नसेल तर ४०४ कळवतो. नियम त्याचे असतात. ‘सेवादाता’ या शब्दात ही स्वायत्तता शाबूत राहते, म्हणून मला तो पटतो. त्यातही एक अडचण आहे : इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही आपण सेवादाता म्हणतो, त्यामुळे संदर्भ स्पष्ट ठेवावा लागेल.

‘ग्राहक’ मला मुळीच पसंत नाही. ग्राहक म्हणजे घेणारा, ‘गुणग्राहक’मध्ये आहे तोच. क्लायंट नुसता घेत नाही; फोटो चढवताना तर तो देणाराच असतो. त्याची खरी खूण आहे ती सुरुवात करण्याची. वकिलाचा ‘अशील’ या अर्थाने क्लायंट आपल्याला परिचित आहे, पण तो शब्द इथे आणला तर वाचक थेट न्यायालयात पोचेल. विद्यार्थी, लाभार्थी यांच्या चालीवर ‘सेवार्थी’ घडवता येईल. सेवा मागणारा हा अर्थ त्यात नेमका बसतो. पण ‘सेवा करू इच्छिणारा’ असाही त्याचा अर्थ निघतो, आणि नेमक्या याच जोडीत असा घोळ परवडणारा नाही. ‘मागणीकर्ता’ हा शब्द ओबडधोबड असला तरी त्यात ही संदिग्धता नाही.

म्हणून माझे मत : समजावून सांगताना पहिल्यांदा ‘सेवादाता’ आणि ‘मागणीकर्ता’ वापरून भूमिका स्पष्ट करा, पुढच्या मजकुरात बिनदिक्कत सर्व्हर आणि क्लायंट लिहा. दोन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी रुळले आहेत आणि विभक्ती सहज घेतात : सर्व्हर बंद पडला, सर्व्हरवर ठेवले, क्लायंटने विचारले. लिहिताना ‘सर्वर’ नको, ‘सर्व्हर’ हवे. हा उच्चार मराठी ‘व्ह’नेच दाखवते, जसे ‘ड्रायव्हर’ आणि ‘व्हायरस’मध्ये.