ते तीन महिने हातचे गेले, आता नवं मागणीपत्र द्या

प्रश्न: शेअर बाजारात नोंदलेल्या एका छोट्या कंपनीत आम्हा पाच मित्रांचे मिळून ११ टक्के शेअर आहेत. प्रवर्तकांच्या नातेवाइकांच्या फर्मला कंपनी चढ्या भावाने कामं देते. दोन संचालकांना हटवण्यासाठी सभा बोलवा, अशी ई-मेल व्यवस्थापकीय संचालकांना सात महिन्यांपूर्वी केली. ‘विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर येतं. आता आम्हीच सभा बोलवावी का?

उत्तर: त्या ई-मेलच्या जोरावर बोलवू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०० नुसार वैध मागणी हाती पडल्यापासून २१ दिवसांत संचालक मंडळाने सभा बोलवायची असते, आणि ती ४५ दिवसांच्या आतल्या तारखेला. मंडळाने हे केलं नाही, तर मागणी करणारे स्वतः सभा बोलवू शकतात. पण मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांत सभा भरलीसुद्धा पाहिजे. तुम्ही ‘विचाराधीन’वर विसंबून सात महिने घालवलेत. अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात, आणि दर वेळी मुदत उलटून गेल्यावरच.

शिवाय ती ई-मेल वैध मागणी होती का, हाही प्रश्नच आहे. मागणीपत्रावर पाचही जणांच्या सह्या हव्यात, किंवा बाकीच्यांनी लेखी अधिकार दिलेल्या एकाची. ई-मेलने पाठवायचं तर सह्या केलेल्या पत्राची स्कॅन प्रत जोडायची. सभेचे विषय, ठिकाण, तारीख, वेळ लिहा आणि पत्र नोंदणीकृत कार्यालयाला पाठवा, पोच जपून ठेवा. पत्र पोचेल त्या दिवशी मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा किमान एक दशांश हिस्सा तुमच्याकडे असलाच पाहिजे. मधल्या काळात कोणी शेअर विकले असतील, तर आधी सांगा. संचालक हटवण्यासाठी कलम ११५ ची विशेष सूचनाही (असा ठराव मांडणार असल्याचं कंपनीला आधी कळवणं) लागते, सभेच्या किमान १४ दिवस आधी.

मंडळ कोर्टात जाईल, अशी भीती वाटत असेल, तर ती अनाठायी नाही. झी एंटरटेनमेंटमध्ये सुमारे १८ टक्के शेअर असलेल्या इन्व्हेस्को या परदेशी गुंतवणूक कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये अशीच मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ऑक्टोबरमध्ये इन्व्हेस्कोला सभा बोलवायला मनाई केली, खंडपीठाने ती मार्च २०२२ मध्ये उठवली. मनाई उठली हे उत्तमच, पण भागधारकाचे पाच महिने गेले ते गेलेच, आणि याची मला चीड येते. तरी तो निकाल तुमच्या कामाचा आहे: मागणी वैध आहे की नाही हे शेअरांची संख्या आणि कार्यपद्धतीवरून ठरतं, ठराव मंडळाला पसंत आहे का, हा प्रश्न नाही.

ठराव मंजूर होईल का, हे सांगता येणार नाही. साधं बहुमत पुरतं, पण प्रवर्तकांचा हिस्सा किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या दोघांपैकी कोणी दुसऱ्या मुदतीवरचा स्वतंत्र संचालक असेल, तर विशेष ठराव, म्हणजे किमान तीन चतुर्थांश मतं, लागेल. अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाण्याचा मार्ग कदाचित खुला आहे. पण तिथे वेळ फार जातो आणि कागद पाहिल्याशिवाय मी तो सुचवणार नाही.

नवं पत्र याच आठवड्यात जाऊ द्या. २१ दिवस टळले की बाविसाव्या दिवशी सभेच्या नोटिसीचं काम हाती घ्या. मंडळाने कसूर केल्यामुळे तुम्हाला सभा घ्यावी लागली, तर तिचा वाजवी खर्च कंपनीने तुम्हाला द्यायचा आणि कसूर करणाऱ्या संचालकांच्या मानधनातून कापायचा, हेही त्याच कलमात आहे. पावत्या ठेवा.